नितळ पाण्यातला न दिसणारा धोका

पाण्यातले आर्सेनिक म्हटले की बंगाल आठवतो. १९८३च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे तळहात-तळपायांची कातडी जाड, खरखरीत झालेले रुग्ण येऊ लागले. कारण निघाले कूपनलिकांचे पाणी. हिमालयातून आलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेले असते. प्राणवायू नसलेल्या थरांत जिवाणूंमुळे ते सुटून पाण्यात उतरते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर त्वचा, फुप्फुस आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. चिलीतल्या अँटोफगास्टा शहराने १९५८ ते १९७० या काळात असे पाणी प्यायले. पाणी शुद्ध झाल्यावरही कर्करोगाचे बळी कित्येक वर्षे जातच राहिले.

नांदेड-लातूरची जमीन वेगळी. १९९३च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा वरचे सुमारे ३३८ मीटर काळ्या बेसाल्टचेच निघाले. बंगालसारखा गाळ इथे नाही, त्यामुळे तसे सर्वदूर संकटही संभवत नाही. तरी गाफील राहू नये. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावी, आर्सेनिक खडकातूनच पाण्यात आले आहे.

आपल्याकडे जास्त काळजी करावी ती नायट्रेटची. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशातल्या सर्वाधिक नायट्रेटग्रस्त जिल्ह्यांत नांदेडचे नाव आहे. हे नायट्रेट प्रामुख्याने आपणच पाण्यात सोडतो. शेतातला जादा युरिया, गोठ्याशेजारचा उकिरडा, बोअरला खेटून खणलेला शोषखड्डा यांतला नत्र पावसाच्या पाण्याबरोबर खडकाच्या भेगांतून खाली झिरपतो. बोअरचा केसिंग पाइप उथळ असला, की त्याला वाटच मोकळी.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात ते जास्त गेले, तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते आणि बाळाचे ओठ, नखे निळी पडू शकतात. शरीरात नायट्रेटपासून नायट्रोसो संयुगे तयार होतात, अशा स्थितीत ते ‘बहुधा कर्ककारक’ ठरते, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे.

किनवटसारख्या भागात फ्लोराइडचा प्रश्नही आहे. त्याने दात आणि हाडे खराब होतात.

यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. तुरटी फिरवून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून नायट्रेट जात नाही. पाणी उकळले तर वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते.

म्हणून गावातल्या प्रत्येक बोअरचे पाणी वेगळे तपासून घ्या, पावसाळ्याआधी आणि नंतरही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायला सांगा आणि पुढच्या ग्रामसभेत तो वाचून दाखवण्याचा आग्रह धरा. आपण पितो त्या पाण्यात काय आहे, हे जाणून घेणे हा आपला हक्क आहे.