ट्रॅप मंडळी आणि त्यांचे मास्तर

कॅप्टन गेओर्ग फॉन ट्रॅप मुलांना शिट्टी वाजवून बोलवायचे, हे खरं आहे. साल्झबर्गजवळ आयगेनमधलं त्यांचं घर प्रशस्त, बाग मोठी, मुलं सात. हाक पोचायची नाही, जहाजावरची शिट्टी पोचायची. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पाणबुडीवर कप्तानी केलेल्या माणसाकडे ती असणारच. पण हेच कॅप्टन घरी व्हायोलिन वाजवायचे आणि स्वभावाने मवाळ होते. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या नाटकात शिट्टी राहिली, व्हायोलिन गेलं.

माझी उमेदीची वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करण्यात गेली. त्यामुळे गाण्याचं नाटक कुठलंही असो, डोळे नटांवर असले तरी कान वादकांकडेच लागलेले असतात. २०२३च्या मे महिन्यात मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये या नाटकाचे प्रयोग झाले, तेव्हा भाची मला हट्टाने घेऊन गेली. मध्यंतरात तिने विचारलं, “मावशी, हे सगळं खरंच घडलं होतं का गं?” चहाच्या रांगेत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. इथे जरा ऐसपैस सांगते.

नाटकातली मारिया मठातून येते, रुसलेल्या घराला गाणं शिकवते, कॅप्टनच्या प्रेमात पडते आणि लग्न होतं न होतं तोच नाझी दारात उभे राहतात. सगळं १९३८ साली, एका दमात. खऱ्या मारियाबाई त्या घरी १९२६ मध्येच आल्या होत्या. नोनबर्गच्या मठात त्या जोगीण होण्याची तयारी करत होत्या आणि त्यांना पाठवलं होतं ते एकाच मुलीसाठी. ती आजारातून उठली होती, शाळेत जाण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. मुलांची आई अगाथा १९२२ मध्ये स्कार्लेट फीव्हरने गेली होती. नोव्हेंबर १९२७ मध्ये मारियाबाईंचं लग्न झालं. कॅप्टन त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे. आपला जीव मुलांवर जडला होता, नवऱ्यावरचं प्रेम मागाहून आलं, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. नाझी आले तेव्हा या लग्नाला दहा वर्षं उलटली होती आणि घरात आणखी दोन मुली होत्या.

घरात गाणं तर त्या येण्याआधीपासूनच होतं. आणि घरातलं तापट माणूस म्हणजे कॅप्टन नव्हेत, मारियाबाई. राग आला की घर हादरायचं आणि थोड्या वेळाने त्यांना स्वतःलाच काही आठवायचं नाही, असं मुलांनी मोठेपणी सांगितलं. नाटकाने दोघांचे स्वभाव सरळ अदलाबदल करून टाकले. कॅप्टन १९४७ मध्ये वारले आणि नाटक १९५९चं, त्यामुळे तक्रार करायला ते नव्हते. मुलांनी मात्र वडिलांसाठी ती वर्षानुवर्षं केली.

आता मूळ मुद्दा. हे कुटुंब गायला लागलं ते पोटासाठी. अगाथाचे आजोबा रॉबर्ट व्हाइटहेड म्हणजे टॉर्पेडोचे जनक, त्यामुळे घरात गडगंज पैसा होता. तो सुरक्षितपणे लंडनमध्ये होता. १९३०च्या दशकाच्या मध्यावर कॅप्टननी ओळखीतल्या बाईंची ऑस्ट्रियातली बँक सावरावी म्हणून तो तिकडे वळवला आणि बँकच बुडाली. नोकरचाकर कमी झाले, खोल्या भाड्याने द्याव्या लागल्या. अशा वेळी घरी येऊ लागले एक तरुण पाद्री, फादर फ्रान्त्स वास्नर. त्यांनी या लोकांचं गाणं ऐकलं, चांगलं म्हटलं आणि लगेच कुठे काय चुकतंय तेही सांगितलं. मास्तरांची जात अशी असते.

नाटकात हे वास्नर औषधालाही नाहीत. मला सगळ्यात लागलं ते हेच.

या माणसाने घरगुती गाण्याला शिस्त लावली. बाख, पॅलेस्ट्रिना, जुनी मॅड्रिगल्स, आल्प्सच्या डोंगरातली लोकगीतं, बरोबर रेकॉर्डर बासऱ्यांचा ताफा. बसवून घेणं, आवाजांची वाटणी करणं, सगळं त्यांचं. लोटे लेमान ही त्या काळातली नामांकित ऑपेरा गायिका. तिने यांना ऐकून गळ घातली आणि १९३६ मध्ये साल्झबर्गच्या स्पर्धेत कुटुंबाने बक्षीस मिळवलं. आपल्या बायकामुलांनी व्यासपीठावर चढून गावं हे कॅप्टनसारख्या सरदारी माणसाला पसंत नव्हतं. खानदानी घरातलं माणूस मंचावर चढलं की काय होतं, हे आपल्या संगीत नाटकवाल्यांना वेगळं सांगायला नको.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. कॅप्टनना जर्मन आरमारात बोलावणं आलं, त्यांनी नाकारलं. थोरला मुलगा रुपर्ट डॉक्टर होता, त्यानेही व्हिएन्नातली जागा नाकारली. हिटलरच्या वाढदिवसाला गाण्याचं आमंत्रण आलं, तेही नाकारलं. तीन नकारांनंतर त्या घरात राहणं शक्य नव्हतं. नाटकात ते रात्री डोंगर चढून स्वित्झर्लंडला जातात. नकाशा उघडून बघा: साल्झबर्गजवळचा डोंगर चढलात तर उतराल ते जर्मनीत, हिटलरच्या बेर्ख्टेसगाडेनच्या घराशेजारी! खरं कुटुंब घरामागच्या रुळांवरून आगगाडीने इटलीला गेलं. कॅप्टनचा जन्म झादारचा. पहिल्या महायुद्धानंतर ते गाव इटलीकडे गेलं होतं, म्हणून त्यांच्याकडे इटलीचं नागरिकत्व होतं. कागदपत्रांनी तारलं, त्यात नाट्य कमी. पाठीमागे त्यांच्या घरात नाझी पुढारी हिमलरने मुक्काम ठोकला.

पुढची जवळजवळ वीस वर्षं हे सारं कुटुंब अमेरिकेत फिरती मंडळी होऊन जगलं, आणि वास्नर त्यांच्याबरोबर. बस, आज हे गाव उद्या ते, त्याच पोशाखांना इस्त्री, तीच गाणी. सुरुवातीला प्रेक्षक जमायचे नाहीत. कार्यक्रम फार गंभीर, फार देवळातला वाटायचा. मारियाबाईंनी एक किस्सा लिहिला आहे. भर मैफलीत त्यांच्या तोंडात माशी गेली. त्यांनी ती गिळली आणि प्रेक्षकांना सांगूनही टाकलं. सभागृह हसलं आणि त्या दिवसापासून मंडळींना लोकांशी बोलायची वाट सापडली. हे वाचताना मी खूप हसले. दौऱ्यात असलं काही घडल्याशिवाय मंडळी एकजीव होत नाही. १९४२ मध्ये व्हर्माँट राज्यात स्टो गावाजवळ त्यांनी शेत घेतलं. रुपर्ट आणि वेर्नर हे दोघे भाऊ अमेरिकेच्या सैन्यात जाऊन आले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर मंडळी मोडली.

१९४९ मध्ये मारियाबाईंनी पुस्तक लिहिलं होतं. त्याचे हक्क त्यांनी एका जर्मन निर्मात्याला ९,००० डॉलरला विकले आणि १९५६ मध्ये ‘दी ट्रॅप फामिली’ हा चित्रपट आला. तो पाहून मेरी मार्टिन या ब्रॉडवेच्या बड्या नटीला मारियाची भूमिका हवीशी झाली. मूळ बेत होता ट्रॅप मंडळींच्या खऱ्या गाण्यांचं नाटक करायचं आणि रिचर्ड रॉजर्स व ऑस्कर हॅमरस्टाइन यांच्याकडून एखादं नवं गाणं घ्यायचं. दोघांनी सांगितलं, एकतर सगळी जुनी घ्या नाहीतर सगळी नवी. सगळी नवी झाली. निर्णय व्यवहाराचा आणि कलेचाही होता. पण त्या क्षणी वास्नरांनी बसवलेलं सगळं संगीत नाटकाबाहेर गेलं. मग मास्तरही कशाला हवेत? त्यांच्या जागी मॅक्स नावाचा गमत्या, मतलबी संयोजक आला. तो पूर्ण काल्पनिक.

एवढं बोलून झाल्यावर रॉजर्सबद्दल वाकडं बोलवत नाही. नाटक उघडतं ते वाद्यवृंदाने नव्हे, जोगिणींच्या लॅटिन स्तवनाने. ती त्यांची नांदीच म्हणा. ज्यू घरात वाढलेल्या रॉजर्सने ती मठाची चाल नीट कळावी म्हणून मॅनहॅटनव्हिल कॉलेजातल्या जोगिणींकडे जाऊन ऐकून घेतलं होतं. १६ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कला लंट-फॉन्टॅन थिएटरात पहिला प्रयोग झाला आणि पुढे १,४४३ झाले. टोनी पुरस्कारांत एक मजा झाली: सातही मुलांना मिळून सहायक अभिनेत्रीसाठी नामांकन दिलं, त्यात मुलगेही आले! हॅमरस्टाइन तेव्हा कर्करोगाने आजारी होते. बोस्टनच्या तालमीच्या प्रयोगांदरम्यान त्यांनी ‘एडलवाइस’ लिहिलं. ते त्यांचं शेवटचं गाणं. ऑगस्ट १९६०मध्ये ते गेले. अनेकांना ‘एडलवाइस’ ऑस्ट्रियाचं जुनं लोकगीत वाटतं, जन्म अमेरिकेतला.

आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे तो १९६५चा चित्रपट, ज्युली अँड्र्यूजचा. नाहीतर त्याची सावली, १९७२चा गुलजारांचा ‘परिचय’. मंचावरचं नाटक चित्रपटाहून जास्त टोकदार आहे, हे मला त्या दिवशी कळलं. चित्रपटात कॅप्टनची होणारी बायको एल्सा प्रेमाच्या त्रिकोणात हरते. नाटकात त्यांचं फिसकटतं ते राजकारणावरून. एल्सा आणि मॅक्स ‘नो वे टू स्टॉप इट’ या गाण्यात हसतखेळत सांगतात की जे येतंय ते थांबणार नाही, तेव्हा जुळवून घ्यावं. चाल इतकी गोड की मान डोलते, मग शब्द कळतात. कॅप्टन जुळवून घ्यायला तयार नाहीत आणि साखरपुडा तिथेच मोडतो. चित्रपटवाल्यांनी हे गाणं गाळलं. माझ्या मते नाटकातली सगळ्यात हुशार जागा तीच.

चित्रपट जगभर धो धो चालला, पण ऑस्ट्रियाने त्याला फार काळ विचारलं नाही. त्यांच्याकडे आधीचा जर्मन चित्रपट होता, आणि त्या वर्षांची आठवण त्यांना फारशी सोयीची नव्हती. खुद्द साल्झबर्गच्या लांडेसथिएटरात हे नाटक उभं राहिलं ते २०११ साली.

वास्नर १९९२ मध्ये वारले. १९५० साली ट्रॅप कुटुंबाच्या नावाने नाताळगीतांचं एक पुस्तक निघालं. त्यातली निवड आणि आवाजांची मांडणी वास्नरांची, तसं नाव छापलंय. भाचीला मी ते शोधायला सांगितलं आहे. ब्रॉडवेच्या चाली कुणीही ऐकवेल. मला हे मास्तर आवाज कसे वाटत होते ते पाहायचं आहे.