तंजावरचे मराठी नृत्यप्रबंध आणि आजची नृत्यनाटिका

नृत्यनाटिकेसाठी इतिहासातील विषय निवडण्याची हौस अलीकडे वाढत चालली आहे, आणि ती स्तुत्यच म्हटली पाहिजे. परंतु अनेक भाषा, धर्म व प्रांत जेथे एकत्र नांदले असा एखादा काळ रंगभूमीवर आणावयाचा म्हटला, म्हणजे बहुधा एकच रीत अवलंबिली जाते. एका मुलीस नऊवारी नेसवावी, दुसरीस कांजीवरम्, तिसरीस शरारा चढवावा. शेवटी सर्वांनी हातात हात गुंफून फेर धरला, की ऐक्य सिद्ध झाले! आमच्या मते अशा प्रयोगात वेषांचे प्रदर्शन होते. इतिहास मात्र पडद्याआडच राहतो.

हा विचार विशेषेकरून सुचतो तो सारसोळ्यासारख्या ठिकाणी. ठाण्याच्या खाडीकाठचे हे मूळचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसविली आणि गावाभोवती नेरुळची वसाहत उभी राहिली. आता एकाच जिन्यावर मराठी, तमिळ व मल्याळी बिऱ्हाडे नांदतात, आणि मराठी घरांतील मुलीही भरतनाट्यम् शिकतात. अशा घरांतील वडीलधारी माणसे कधीकधी विचारतात, "कला दक्षिणेची, गीते तेलुगू-तमिळ, ह्यात आपले असे काय आहे?" ह्या प्रश्नास तंजावरच्या इतिहासात सविस्तर उत्तर आहे.

मध्ययुगाच्या अखेरीस तंजावरवर तेलुगू भाषिक नायक राजे राज्य करीत होते. प्रजा तमिळ होती. १६७३ मध्ये मदुरेच्या नायकाने ते राज्य जिंकले. तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीने व्यंकोजी भोसले, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, ह्यांस फौज देऊन दक्षिणेत धाडले. व्यंकोजींनी १६७५ च्या सुमारास तंजावरची गादी आपल्याच हाती घेतली. एका मुसलमानी सत्तेच्या मराठा सरदाराने तमिळ मुलखातील तेलुगू दरबाराचा वारसा घ्यावा, ह्याहून अधिक मिश्र प्रसंग कोणत्या नाटककारास सुचणार?

व्यंकोजींचे पुत्र शहाजी ह्यांनी १६८४ ते १७१२ पर्यंत राज्य केले. त्यांनी तेलुगूत विपुल रचना केली, मराठीत 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाटक रचिले, आणि 'पंचभाषाविलास' नावाच्या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी व हिंदी अशा पाच भाषा एकत्र आणिल्या. त्यातील निरनिराळ्या देशींच्या नायिका आपापल्या भाषेत बोलतात. परकी भाषा हा तेथे विनोदाचा विषय नव्हता. ज्या सभेपुढे नाटक व्हावयाचे तिला त्या भाषा रोजच ऐकू येत होत्या.

पुढे सरफोजी राजे (दुसरे) १७९८ मध्ये गादीवर आले. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याची शिकवण त्यांस लाभली होती. १७९९ च्या तहाने राज्यकारभार इंग्रजांकडे गेला, आणि १८३२ मध्ये निधन होईपर्यंत राजांचे लक्ष विद्या व कला ह्यांकडेच राहिले. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. बृहदीश्वराच्या चोळकालीन मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार तमिळ बंधू त्यांच्याच काळी तंजावरास होते. आज भरतनाट्यम्‌चा जो क्रम आपल्या मुली शिकतात, त्यास आकार दिला तो ह्या बंधूंनी.

ह्याच सरफोजींच्या नावावर मराठी नृत्यरचनांचा एक संग्रह आहे. त्यातील 'निरूपण' नावाच्या प्रबंधात जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना येथपासून मंगळापर्यंत अठरा अंगे असतात. आणि विशेष हा, की ही अठराही अंगे एकाच रागात, एकाच तालात व एकाच कथानकात गुंफिलेली असतात. शब्द मराठी, राग व ताल कर्नाटक पद्धतीचे, आणि कथा सलग सांगण्याची धाटणी आपल्या कीर्तनकारांस जवळची. येथे मिश्रण वरून फासलेले नाही. एक धागा काढू गेल्यास सारे वस्त्रच उसवेल.

ह्या रचना मुंबईत पुन्हा रंगभूमीवर आणिल्या त्या आचार्य पार्वतीकुमार (१९२१–२०१२) ह्यांनी. हे काम किती कठीण, ह्याची कल्पना वाचकांनी करून पाहावी. पोथीत शब्द सापडतात, रागाचे व तालाचे नाव सापडते; पण पाऊल कोठे पडावे, दृष्टी कोठे वळावी, हे पोथी सांगत नाही. शिवाय एकाच राग-तालात अठरा अंगे नाचावयाची, तर प्रेक्षक कंटाळू नये म्हणून लयीचे व अभिनयाचे वैविध्य किती साधावे लागेल! आचार्यांनी तमिळ परंपरेचे शिक्षण घेतले होते आणि शब्दांचा अर्थ त्यांच्या मायबोलीतला होता, म्हणूनच हा सांधा त्यांस जुळविता आला. त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर ह्यांनी हे प्रबंध रसिकांपुढे सादर केले. सुचेताबाईंनी त्या चार बंधूंच्याच वंशातील किट्टप्पा पिळ्ळै ह्यांजकडेही विद्या घेतली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आणखी एका गोष्टीचे विस्मरण होऊ नये. ही कला शतकानुशतके जतन केली ती देवदासी म्हणविल्या गेलेल्या स्त्रियांनी. तंजावरच्या राजकन्येचा बडोद्याच्या सयाजीरावांशी १८८० मध्ये विवाह झाला, तेव्हा तिच्याबरोबर तेथील नर्तकीही बडोद्यास आल्या. पुढे १९४७ मध्ये मद्रास प्रांतात कायद्याने देवदासीप्रथा बंद झाली. त्याआधीच ही विद्या आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत प्रतिष्ठा पावू लागली होती. ज्यांनी ती जपली त्यांच्या वाट्यास मात्र बहुधा उपेक्षाच आली. बहुरंगी इतिहासावरील नृत्यनाटिकेत राजे असावेत, कवी असावेत. पण ह्या स्त्रियांस स्थान नसेल, तर तो इतिहास अर्धाच होय.

म्हणून सारसोळे-नेरुळच्या नृत्यवर्गांस आमची सूचना अशी : येत्या संमेलनात वेषांचे संमेलन न भरविता एखादे निरूपण हाती घ्यावे. अठरा अंगे न झेपल्यास चार-पाच घ्यावीत, परंतु राग, ताल व कथा अखंड ठेवावी. मराठी आजीने नातीस शब्दांचा अर्थ फोडून सांगावा, शेजारच्या तमिळ गृहस्थांनी राग व ताल पारखून द्यावेत, आणि प्रयोगापूर्वी कोणी दोन शब्दांत तंजावरची हकीकत निवेदावी. ह्यास शिक्षकांचे वर्षभराचे श्रम व पालकांचा धीर लागेल. भाड्याचे रंगीत कपडे आणण्याइतके हे सोपे नाही. पण ज्या मुली तो प्रबंध नाचतील, त्यांस आपले काय व शेजाऱ्याचे काय ह्याची वाटणी करण्याची गरज उरणार नाही. अशा प्रयोगास आमच्या वाचकभगिनींनी आपल्या मुलींसह साह्य करावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.