टेंडर अपलोड झालं, पण सबमिट झालं का? पोर्टल अडकलं तर कोर्ट काय बघतं, समजून घ्या



"अरे, कागदं तर सगळी गेली होती ना? मग आपल्याला बाद कसं करतील?"

माझ्या मामांचा हा प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. मामा छोटे ठेकेदार आहेत आणि त्यांची ऑनलाइन कामं मी करून देतो. एका शाळेच्या दोन खोल्यांचं टेंडर होतं, शेवटची वेळ संध्याकाळी ५ ची. मी साडेचारला बसलो. डोंगल दोनदा ओळखलंच गेलं नाही. मग सगळ्या फाइल चढल्या, शेवटच्या पानावर चक्र फिरत राहिलं आणि ५ वाजले. माझ्याकडे पुरावा काय, तर मोबाइलने काढलेला एक तिरका फोटो. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पावती आली का?" पावती नव्हती. विषय तिथेच संपला आणि मामांचं वर्षातलं मोठं काम गेलं.

तेव्हापासून मी या विषयावर वाचत आलोय. टेंडर भरत नसाल तरी हे वाचा, कारण प्रवेशाचा फॉर्म असो की भरतीचा, गणित तेच आहे.

आधी प्रक्रिया समजून घेऊ

महाराष्ट्र सरकारची बहुतेक टेंडरं महाटेंडर्स पोर्टलवर निघतात. त्यामागची जेपनिक ही प्रणाली एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने बनवली आहे. भरणाऱ्याकडे डिजिटल सही लागते, ती यूएसबी डोंगलमध्ये असते. फॉर्म भरताना साधारण हे टप्पे येतात:

- बयाणा रक्कम भरणे किंवा तिचा तपशील देणे
- तांत्रिक लिफाफ्यातली कागदपत्रं सही करून चढवणे
- आर्थिक लिफाफ्यात दरांची एक्सेल शीट चढवणे
- शेवटी 'फ्रीझ बिड' हे बटण दाबणे

फ्रीझ झालं की बिड क्रमांक, तारीख आणि वेळ असलेली पावती मिळते. त्याआधी तुमच्या फाइल सर्व्हरवर असल्या तरी टेंडर 'भरलं' असं धरत नाहीत. पाकीट ऑफिसपर्यंत नेलं, पण पेटीत टाकलंच नाही, तसला हा प्रकार.

अजून दोन गोष्टी. वेळ धरली जाते ती पोर्टलच्या सर्व्हरची, आपल्या घड्याळाची नाही. आणि टेंडरच्या अटींमध्ये बहुतेक वेळा एक ओळ असते की ऑनलाइन भरताना आलेल्या अडचणींना किंवा उशिराला कार्यालय जबाबदार राहणार नाही. ही ओळ आपण कोणीच वाचत नाही, पण कोर्टात समोरचा वकील तीच आधी वाचतो.

म्हाडाची केस: एका बटणावरून सुप्रीम कोर्ट

हे फक्त छोट्या ठेकेदारांच्याच बाबतीत होतं असं नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या टेंडरमध्ये शापूरजी पालनजी या मोठ्या कंपनीचं हेच झालं. कंपनी म्हणाली, आम्ही सगळं वेळेत अपलोड केलं, पोर्टलच्या तांत्रिक बिघाडामुळे शेवटचा टप्पा झाला नाही. एनआयसीचं म्हणणं वेगळं होतं: प्रणालीत बिघाड नव्हता, फ्रीझचं बटण दाबलं गेलं नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण म्हाडा सुप्रीम कोर्टात गेली आणि २०१८ मध्ये तो निकाल फिरला. सुप्रीम कोर्टाचा मुद्दा थोडक्यात असा: प्रणाली बनवणारी त्रयस्थ तज्ज्ञ संस्था बिघाड नव्हता असं सांगते आणि टेंडर काढणाऱ्याने ते मान्य केलंय, तर दुसरा अर्थ निघू शकतो एवढ्यावरून कोर्टाने मध्ये पडू नये.

म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलाही 'आमच्या स्क्रीनवर असं झालं' एवढं सांगून भागलं नाही.

कोर्ट इतकं हात आखडून का घेतं?

याची मुळं १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालात आहेत. गंमत म्हणजे तो वाद मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या शहरांतल्या मोबाइल सेवेच्या लायसन्सबद्दलचा होता! त्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की टेंडर कोणाला द्यावं हे कोर्ट ठरवणार नाही, ते देण्याची पद्धत योग्य होती का एवढंच तपासेल. म्हणजे मनमानी झाली का, पक्षपात झाला का, नियम मोडले का. २०१६ मध्ये नागपूर मेट्रोच्या एका टेंडरच्या वादातही कोर्टाने म्हटलं की टेंडरच्या अटींचा अर्थ त्या लिहिणाऱ्यालाच सगळ्यात चांगला कळतो.

दुसरं कारण समानतेचं. समजा दहा जणांनी वेळेत भरलं आणि अकराव्याला मुदतीनंतर आत घेतलं, तर त्या दहा जणांवर अन्याय होतो. म्हणून पोर्टल सगळ्यांसाठीच बंद पडलं असेल तर शुद्धिपत्रक काढून सर्वांनाच मुदतवाढ देणं हा सरळ मार्ग. एकट्याला वेळ वाढवून देणं अवघड.

मग भरणारा कधीच जिंकत नाही का?

जिंकतो. पण दोष त्यांच्या बाजूला होता हे नोंदींतून दिसावं लागतं.

आपल्या माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ मध्ये हा फरक आहे. वेगळं काही ठरलेलं नसेल तर, ठरवून दिलेल्या संगणक यंत्रणेत तुमची नोंद ज्या क्षणी शिरली, त्या क्षणी ती पोचली असं मानतात. म्हणजे खरा प्रश्न एकच: तुमचा डेटा अडकला कुठे? तुमच्या वायफायमध्ये, की त्यांच्या सर्व्हरमध्ये?

हाच प्रश्न अमेरिकेत २०११ मध्ये वॉटरसन कन्स्ट्रक्शन या केसमध्ये आला. कंपनीचा ईमेल सरकारी सर्व्हरवर मुदतीआधी पोचला होता, पण तिथे ईमेलचा पूर आल्याने अधिकाऱ्याच्या इनबॉक्समध्ये उशिरा दिसला. कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तिथला कायदा वेगळा आहे, पण निकाल फिरला तो सर्व्हरच्या नोंदींमुळेच.

स्क्रीनशॉट चालतो का?

चालतो, पण नुसता नाही. यासाठी आपल्या जालन्याची केस बघा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर आला होता का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून लढला गेला. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने या केसमध्ये स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर केलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र लागतंच. मात्र तक्रारदारांनी ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नव्हतं, हेही कोर्टाने लक्षात घेतलं. वेळेवर लेखी मागणी करून ठेवण्याला म्हणूनच किंमत आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटांचा ठसा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, त्यामुळे त्याचा ठसा मूळ फोटोशी जुळत नाही. मूळ फाइल डिलीट करू नका.

मी आता काय करतो

१. दोन दिवस आधीच टेंडर फ्रीझ करतो. जेपनिकवर मुदत संपेपर्यंत दर बदलून पुन्हा भरता येतं. थांबून काही फायदा नाही.

२. शेवटचा टप्पा स्क्रीन रेकॉर्ड करतो. त्यात पोर्टलवरचं घड्याळ आणि टेंडर क्रमांक दिसलाच पाहिजे.

३. अडकलं तर मुदत संपण्याआधीच हेल्पडेस्कला आणि टेंडर काढणाऱ्या अधिकाऱ्यांना ईमेल करतो. मुदतीनंतरची तक्रार सबब वाटते, आधीची तक्रार पुरावा ठरते.

४. दुसरं इंटरनेट तयार ठेवतो, म्हणजे दोष आपल्या लाइनचा होता असं कोणी म्हणू नये.

५. सर्व्हरच्या नोंदी जपून ठेवा असं त्याच दिवशी लेखी कळवतो. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस मिळतात, तोवर आर्थिक लिफाफे उघडलेले असू शकतात. त्यामुळे उच्च न्यायालयात जायचं ठरलं तर वकिलांना लगेच भेटायचं.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर आता मला माहीत आहे. मामा, कागदं गेली होती, पण पावती आली नव्हती. आणि चूक पोर्टलची होती की माझ्या साडेचारला बसण्याची, हे सांगणारं आपल्याकडे काहीच नव्हतं. परवा त्यांचं नवीन टेंडर भरलं, मुदतीच्या दोन दिवस आधी. पावतीची प्रिंट त्यांनी स्वतःहून मागून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली.