काट्याच्या पोटातलं तांबं

नागपुरात कळमन्याच्या बाजारात मिरचीचं पोतं इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतं, लाल आकडे जरा चुळबुळ करतात आणि थांबतात. त्या आकड्यावर शेतकऱ्याची पट्टी बनते. पोत्याखाली लोडसेल नावाचा धातूचा ठोकळा डोळ्याला दिसणारही नाही इतका किंचित वाकलेला असतो. त्याला ५ व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला जेमतेम १० मिलिव्होल्ट बाहेर येतात. १०० किलोच्या काट्याने १० ग्रॅम ओळखायचे, तर याचे १०,००० भाग पाडायचे. एक भाग एका मायक्रोव्होल्टचा!

हा इवलासा संदेश ज्या हिरव्या बोर्डावरून चिपपर्यंत जातो, त्यावरच्या तांब्याच्या वाटा हल्ली संगणकाकडून आखून घेता येतात. युक्ती जुनी आहे. १९६१ मध्ये सी. वाय. ली यांनी ती मांडली: बोर्डाचे बारीक चौकोन पाडा, सुरुवातीच्या चौकोनाला १, शेजाऱ्यांना २, त्यांच्या शेजाऱ्यांना ३ असे आकडे देत सुटा. आकड्यांची लाट मुक्कामी पोचली की उतरत्या क्रमाने मागे या. वाट असेल तर सापडणारच, तीही सर्वांत जवळची. अडचण एवढीच की आधीची वाट नंतरचीला आडवी येते. नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर रूळ रुळाला छेदून जातो. तांब्याने तसं केलं तर शॉर्ट सर्किट. मग भोक पाडून दुसऱ्या थरावर उतरायचं.

पण या हुशार यंत्राला सर्किटच्या आकृतीतलं कळतं किती? आकृतीतली रेघ इंचभर असो की हातभर, अर्थ एकच: हे टोक त्या टोकाला जोडलेलं. जोडण्यांची ही यादी, म्हणजे नेटलिस्ट, तेवढी त्याच्या हाती पडते.

आता गंमत बघा. ५० मिलिमीटर लांब, पाव मिलिमीटर रुंद आणि नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या रेघेचा रोध सुमारे ०.१ ओहम. लोडसेलचा आणि लाल आकड्यांचा प्रवाह याच रेघेतून परतला, आकड्यांनी ५० मिलिअँपिअर ओढले, की ५ मिलिव्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. लोडसेलच्या वाट्याचे व्होल्ट एक हजारांशाने घटतात आणि १०० किलोंत १०० ग्रॅम गायब! त्यातून १ दाखवायला आकड्यातल्या दोनच दिव्याच्या पट्ट्या पेटतात, ८ ला सात; तसा प्रवाहही बदलतो. म्हणजे काटा काय दाखवतोय, यावर तो काय मोजतोय हे हलू लागतं.

आकृतीत दोन्ही परतीच्या वाटांना एकच ‘ग्राउंड’ नाव दिलं, तर संगणक त्या बिनदिक्कत एकत्र करणार. त्याचं काय चुकलं? म्हणून नावं वेगळी द्यायची आणि त्या एकाच ठिकाणी जुळतील असं आकृतीतच बांधून टाकायचं. चिपला खेटून हवा असलेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही नेटलिस्टमध्ये फक्त दोन टोकांचा धनी. ‘खेटून’ हे वेगळं सांगावं लागतं. ट्रान्झिस्टरचे पाय तर हमखास दगा देतात. सपाट बाजू समोर धरली, तर बीसी५४७ चा कलेक्टर डावीकडे आणि टूएन३९०४ चा उजवीकडे. आकृतीत मात्र दोघांचं चिन्ह सारखंच.

एवढं करूनही मुरलेली माणसं लोडसेलच्या चार वाटा स्वतःच्या हाताने आखतात, त्या लॉक करतात आणि मग बाकीचा बोर्ड यंत्राच्या हवाली करतात.