प्रतिमानांतील अनिश्चितता आणि धोरण

वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दुप्पट झाल्यास पृथ्वीचे सरासरी तापमान १.५ ते ४.५ अंश सेल्सिअसने वाढेल, असा अंदाज अमेरिकेत जूल चार्नी यांच्या समितीने १९७९ मध्ये वर्तविला. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने २०२१ मध्ये ही संभाव्य मर्यादा २.५ ते ४ अंशांवर आणली. एवढ्यासाठी चार दशके लागली. ढगांचे वर्तन गणितात बसविणे सोपे नव्हे.

अर्थशास्त्रीय प्रतिमानांतील अनिश्चितता निराळ्या जातीची आहे. मुदतीच्या हुंडीवर सावकार वटाव कापतो, तसाच भावी हानीवरही कापला जातो. १०० वर्षांनंतरच्या १०० रुपयांच्या हानीचे आजचे मूल्य दरसाल १.४ टक्के दराने सुमारे २५ रुपये भरते, ४ टक्के दराने जेमतेम २ रुपये. निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात पहिल्या दराच्या आसपास हिशेब केला आणि त्वरित, मोठ्या उपायांची शिफारस केली. विल्यम नॉर्डहाउस यांना बाजारातील परताव्याशी जुळणारा चढा दर योग्य वाटला. साहजिकच त्यांनी सुचविलेले उपाय प्रारंभी सौम्य होते. ढगांचे कोडे उद्या सुटले तरी हा वाद मिटणार नाही. अजून न जन्मलेल्यांच्या हानीला किती वजन द्यावे, हे कोणत्याही वेधशाळेत मोजता येत नाही. ते राज्यकर्त्यांना उघडपणे ठरवावे लागते, आणि बहुधा ते प्रतिमानाच्या एखाद्या आकड्याआड ठरून जाते.