कोंडा हे लक्षण, रोग नव्हे
कुत्र्याच्या वा मांजराच्या अंगावरून कोंडा गळू लागला की पशुपालक प्रथम शाम्पू बदलतात. परंतु कोंडा हे केवळ लक्षण आहे. निरोगी कुत्र्याची बाह्यत्वचा सुमारे 3 आठवड्यांत नवी होते; विकारात हा वेग वाढून मृत पेशींचे पापुद्रे साचतात.

तपासणीचा प्रारंभ परजीवींपासून करावा. केस विंचरून पडलेला कोंडा काळ्या कागदावर घ्यावा व भिंगाखाली पाहावा; पांढरे कण हालताना दिसल्यास ते चेलेटिएला माइट असू शकतात. डेमोडेक्स माइटसाठी त्वचा चिमटीत दाबून खोलवर खरवडलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. गजकर्णाच्या शोधात वूड दिवा उपयुक्त ठरतो. मात्र केस हिरवट चमकले नाहीत म्हणून गजकर्ण नाही, असे मानू नये. प्रयोगशाळेत बुरशीचे संवर्धन करून खात्री करावी. जिवाणू व यीस्ट यांसाठी चिकटपट्टीने नमुना घेतात. एवढ्यानेही कारण न सापडल्यास कुत्र्याची थायरॉइड तपासणी व त्वचेची बायोप्सी करतात.

निदानापूर्वी स्टेरॉइड देऊ नये; त्याने डेमोडेक्स व गजकर्ण दोन्ही बळावतात. गजकर्ण माणसांनाही होते. म्हणून घरात कोणाच्या अंगावर चट्टे उठले असल्यास तेही पशुवैद्यकास अवश्य सांगावे.