कोलॅजेन डबीतून येत नाही

कोलॅजेनचं क्रीम चोळलं की त्वचेतलं घटलेलं कोलॅजेन भरून निघतं, ही समजूत चटकन पटते. भिंतीला भेग पडली की गिलावा करतात, तसंच हे वाटतं. पण हा गिलावा भेगेपर्यंत पोचतच नाही. साधारण 500 डाल्टनपेक्षा जड रेणू त्वचा सहसा आत घेत नाही, आणि कोलॅजेनचा अख्खा रेणू भरतो जवळपास 3,00,000 डाल्टन. तीन साखळ्यांना पीळ देऊन वळलेला हा दोर आहे. ती रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1950च्या दशकात मद्रासमध्ये उलगडली. क्रीम लावल्यावर त्वचा मऊ लागते हे खरं, पण ते वरच्या थरात ओलावा धरून राहिल्यामुळे. चेहरा धुतला की तो मऊपणा ओसरतो.

कोलॅजेन तयार होतं आतच, फायब्रोब्लास्ट पेशींमध्ये, आणि त्याचा पीळ पक्का बसायला क जीवनसत्त्व लागतं. ते महिनोन् महिने न मिळालेल्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, जुन्या भरलेल्या जखमाही उकलायच्या. रोजच्या जेवणात पेरू, आवळा, लिंबू असेल तर ही गरज भागते. मग कोलॅजेनची पावडर पोटातून घेतली तर? प्रश्न रास्त आहे. पण पचनात तिची अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड होतात, आणि ते चेहऱ्याकडेच जातील अशी सोय शरीरात नाही. काही चाचण्यांत त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला दिसला, मात्र त्यांतल्या बऱ्याच चाचण्यांचा खर्च उत्पादकांनीच उचललेला होता. एवढ्या पुराव्यावर दरमहा पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

त्यापेक्षा आहे ते कोलॅजेन जपावं. अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजेन तोडणारी विकरं वाढतात. सावळ्या त्वचेला ऊन बाधत नाही, हाही गैरसमजच. त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन बरंच ऊन अडवतं, सगळं नाही. अतिनीलपैकी यूव्ही-ए किरण तर काचेतूनही येतात. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या एका अमेरिकी माणसाचं छायाचित्र 2012 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं होतं: खिडकीकडचा डावा गाल जाड, खोल सुरकुत्यांचा, उजवा त्यामानाने नितळ. ताणलेली त्वचा पुन्हा जागेवर आणणारं इलॅस्टिन तर मोठेपणी जवळजवळ नव्याने बनतच नाही, म्हणून तेही जपायलाच हवं. पन्नाशीच्या माणसाने आपल्या दंडाची आतली बाजू आणि मनगटाची उन्हाकडची बाजू शेजारी धरून पाहावी. वय दोन्हींचं एकच असतं.